बागेतलं हिरवं दार

तांडा, ता. घाटंजी
१९ जानेवारी २०२५, रविवार

पुष्पा,

तुले बसंतीचा जय सेवालाल. इकडं सगळे खाऊन-पिऊन आहेत, तिकडं तूबी असशीन, लेकरं शाळेत जात असतीन. चिठ्ठीत पहिले हे लिहावं लागते म्हणून लिहिलं. तू बरी आहे का नाही हे मले कसं कळन? सात वर्षं झाले, तू माहा फोन उचलत नाही.

मी चिठ्ठी लिहून राह्यली हे पाहून तुले हसू येईन. चवथीत शाळा सोडलेली बाई. पोरगी म्हणे, आई, तू बोल, मी मोबाईलमध्ये भरून मावशीले पाठवतो. म्हटलं नको. तिच्यासमोर बोलाची गोठ नाही. आपली गोरबोली मले लिहिता येत नाही, मास्तरनं मराठीच शिकवली. म्हणून मराठीत लिहितो. चुकलं तं चुकलं.

कापसाचे तीन वेचे झाले. तूर सोंगून पडली आहे. माहा गुडघा कामातून गेला. लालसिंगनं घरावर स्लॅब टाकला, आता गावभर सांगत फिरते. बाच्या दुसऱ्या बायकोचा, दुसऱ्या याडीचा पोरगा असला तरी माह्याशी नीट वागते, मी खोटं बोलणार नाही.

आता ज्याच्यासाठी बसली ते लिहितो. मागच्या रविवारी आमच्या बचत गटाच्या बाया घनश्यामबाबूची बाग पाहाले गेलतो. यवतमाळच्या अलीकडची, तीच. बाबूच्या आजोबानं लावलेली, शंभराच्या वर वर्षं झाले म्हणते. थंडीत एक महिना लोकाईले पाहाले खुली ठेवते. शेवंती, गुलाब, जिकडं पाहावं तिकडं कुंड्या. मी त्या फाटकात चव्वेचाळीस वर्षं पाय ठेवला नव्हता. एसटीनं यवतमाळले जातांनाबी मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसतो. पण ह्या वेळी सोनीबाई अडून बसली. "तू गटाची अध्यक्ष अन् तूच नाही? मंग काळीपिवळीत ड्रायव्हरच्या बाजूले कोण बसन? माह्या घरचा मले बसू देत नाही." गेली मंग.

बागेच्या मधात गोल टाकं आहे. टाक्यात सिमेंटची बाई उभी आहे. डोक्यावर घडा, घड्यातून पाणी पडते. अंगात आपली घागरा-चोळी, फेटिया-कांचळी, हातभर चुडे, कानाजवळ चांदीच्या घुगऱ्या. दरवर्षी तिले ऑइलपेंट मारते. खाली पाटी आहे, लमाण स्त्री व बालिका.

पुष्पा, ते याडी आहे. याडीवानी नाही. याडी.

तुले ती खोकणारी, वाळलेली आठवत असन. मले ही आठवते. हनुवटीवरचं गोंदण, तीन ठिपके, त्या कलाकारानं सिमेंटातबी खोदले. ती तिथी तिशीची आहे. मी बावन्नची. मी तिच्यापेक्षा बुढी झाली अन् ती माह्याकडं पाहून राह्यली, का हे कोण आली म्हणून. पाणी तोंडावरून वाहते, तं डोळ्याखालचा रंग उडाला, पांढरं सिमेंट दिसते. सोनीबाई म्हणे, "पाय वं, रडून राह्यली." मी म्हटलं, "पाइप फुटला असन, रडते काय!"

तुले जेवढं सांगतलेलं आहे तेवढं मी पुन्हा लिहितो, म्हणजे तुह्या लेकराईनं वाचलं तरी समजन. याडी त्या बागेत निंदणाले जात होती. नागपूरहून एक कलाकार आला, त्यानं तिले अकरा दिवस समोर उभं करून पुतळा केला. तांड्यात बोंब झाली का मानीबाई परक्या माणसासंग दार लावून राहते. नसाब बसली, तांड्याची पंचायत. बानं तिले सोडलं. तुले छातीशी घेऊन ती मुकुटबनकडं मामाच्या तांड्यावर गेली. तू वर्षाची होती. मी आठ वर्षाची, मी बाजवळ राह्यली. सहा महिन्यात बानं लालसिंगची याडी आणली.

मी टाक्याच्या मागं ते दार पाहाले गेली. हिरवं दार, पितळेची कडी. डोळे मिटले का मले अजून ते दिसते. तिथी वेलीचा मांडव आहे. दार काही सापडलं नाही. पाडलं असन.

पुतळ्यासंग एक पोरगीबी आहे, फेटियाचा काठ धरून. तिचं आता लिहीत नाही. भाकरी टाकाच्या आहे.

एक गोठ मात्र सांगतो, कोणाले बोलू नको. त्या दिवसापासून माह्या घरात पाणी पडल्याचा आवाज येते. भर दुपारी. नळ पाह्यला, टाकी पाह्यली, सगळं कोरडं. काल ज्वारी निवडत होती तं मागं फेटियाच्या कवड्या वाजल्या. आता तांड्यात फेटिया घालते कोण? वळून पाह्यलं नाही. मी भीत नाही, पण पाह्यलं नाही.

तुही बाई, मोठी बहीण,
बसंती


२ फेब्रुवारी, रविवार

पुष्पा,

तुहं उत्तर आलं नाही. मी वाटबी पाह्यली नव्हती. पोस्टमन म्हणे, चिठ्ठी पोचली असन, परत तं आली नाही. मंग तू वाचली असशीन नाहीतं चुलीत घातली असशीन. ही घालू नको. ही वाच अन् मंग घाल.

मागच्या चिठ्ठीत मी पोरीचं लिहिलं नाही. भाकरीचं निमित्त केलं. ते पोरगी मी आहे.

त्या दिवशी सोनीबाईनं तिच्याकडं पाहून म्हटलं, "बसंते, हिचं नाक तं तुह्यावानी चपटं! तुह्या नाकाचा साचा इथूनच नेला काय?" बाया हसल्या. मीबी हसली. हसली, पुष्पा.

बुधवारी एकटी गेली पुन्हा. घरी सांगतलं दवाखान्यात जातो, गुडघा दाखवाले. मांडवाच्या भोवती तीन चकरा मारल्या. तिथी घनश्यामबाबूची नात होती, अर्पिता म्हणून. जीनची पँट घालते, पण माणूस चांगलं आहे. मले म्हणे, "मावशी, काही हरवलं का?"

म्हटलं, "दार."

"कोणतं दार?"

"ह्या मांडवाचं. हिरवं. पितळेची कडी होती."

ती हसली. "मांडवाला दार कशाला असेल मावशी? चारी बाजूंनी मोकळा आहे. पणजोबांनी बांधला तसाच आहे, आम्ही फक्त वेल बदलली."

मी म्हटलं, "तू लहान आहे, तुले काय मालूम!" जरा जोरानंच म्हटलं. तिनं राग धरला नाही. कचेरीत नेलं, चहा देला, अन् भिंतीवरचा जुना फोटो काढून माह्या हातात देला. त्यात मांडव आहे. मांडवात तो कलाकार, हात कोपरापर्यंत मातीचे. समोर याडी डोक्यावर घडा घेऊन. काठ धरून मी. अन् भोवती, पुष्पा, भोवती बाया निंदून राह्यल्या, दोन माळी झारी घेऊन उभे, एक कुत्रा झोपला आहे. मोकळं. सगळं मोकळं. वाऱ्यानं याडीची ओढणी उडून राह्यली.

मंग अर्पितानं जे म्हटलं ते मी तिच्या तोंडचं लिहितो. "आजोबा नेहमी सांगायचे, ती बाई उभी राहायला तयारच नव्हती. म्हणाली, माही पोरगी संग उभी राहीन तं मी राहीन. पोरगी पाहत असली म्हणजे उद्या मले कोणी बोलणार नाही. म्हणून कलाकारानं पोरगीसुद्धा घडवली."

मी चहा तसाच ठेवून उठली.

आता सांगतो. नसाब बसली तव्हा मले मधात बोलावलं. बानं मले मांडीवर घेतलं. बा मले कधी मांडीवर घेत नव्हता, तुले ठाऊक नाही तो कसा होता. तांड्याच्या मुखियानं, देवीलाल नायकानं विचारलं, पोरी, तुही याडी तिथी दार लावत होती का? मी म्हटलं, हो. कोणतं दार? हिरवं. तू कुठी राहत होती? बाहेर. बानं माह्या पाठीवरून हात फिरवला. मंग मी आपल्या मनानं सांगतलं, कडी पितळेची आहे. ते तं कोणी विचारलंबी नव्हतं.

काहून बोलली? अकरा दिवस मले फेटियाचा काठ धरून ताटकळत उभं केलं. जराशी हलली का याडी चिमटा घ्यायची, म्हणायची, हलू नको, तू आहे म्हणून मी इथी आहे. मले काय समजते त्यातलं! सुट्टी झाली का ती तुले पाजाले बसायची, मले कोणी पाणीबी विचारत नव्हतं. मले पुन्हा तिथी जाचं नव्हतं. एवढंच. मले वाटलं, हो म्हटलं का उद्यापासून जाणं बंद होईन. बंद झालं.

याडी त्या वेळी समोर बसलती. तिनं माह्याकडं पाह्यलं. राग नव्हता, तोच तं त्रास आहे. लेकरू खेळतांना पडलं का आपण पाहतो ना, लागलं का म्हणून, तसं पाह्यलं.

अन् ते दार मी इतक्या वेळा सांगतलं, पोराईले, आजीले, स्वतःले, का ते मले दिसाले लागलं. त्याचा रंग कुठी उडाला, कडी कशी वाजते, सगळं. मागच्या चिठ्ठीत मी तुले खोटं लिहिलं नाही. मले खरंच वाटत होतं, ते पाडलं असन.

याडी मेली तव्हा मी मुकुटबनले आली. आपल्यात बाया लय दिवसानं भेटल्या का गळ्यात पडून, गाऊन रडते. तू तेरा वर्षाची पोर, माह्या गळ्यात पडली अन् सूर धरून याडीचं एकेक सांगाले लागली. तिनं लोकाईच्या तुरी कशा सोंगल्या, खोकला कसा लपवला. मले तुह्या सुरात सूर मिळवाचा होता. तोंड उघडलं तं पहिला शब्द हिरवं दार हाच आला. मी तोंड मिटलं अन् तुले हातानं दूर केलं. तू म्हटलं, ही बाई बापाचीच आहे. तव्हापासून तू मले बहीण म्हणत नाही. मंग सात वर्षाखाली फोनवर मी म्हटलं का याडीचीबी काही गलती असन, अन् तू फोन कापला तो कापलाच. तुले खरं कारण मालूम नव्हतं, तरी तू बरोबर केलं.

पण मले त्या दिवशी एक समजलं. याडीनं तुले सांगतलं नव्हतं का बोलणारी मी होती. सांगतलं असतं तं तू गळ्यात पडली नसती. बारा वर्षं तुह्याजवळ झोपली अन् माहं नाव घेतलं नाही. मले मारलं असतं, शिव्या देल्या असत्या, तं मी केव्हाच मोकळी झाली असती.

दिवाळीच्या अमावास्येले लालसिंग निखाऱ्यावर तूप टाकून घरच्या मेलेल्या माणसाईले नावं घेऊन जेवू घालते. बाचं घेते, त्याच्या याडीचं घेते. मानीबाईचं नाव त्या घरात आजपर्यंत कोणी घेतलं नाही. ती कुठी जाऊन जेवत असन?

लालसिंगले काल सगळं सांगतलं. तो म्हणे, "बाई, चव्वेचाळीस वर्षाची गोठ कायले उकरते? तुही याडी साफ निघाली तं माही याडी कोण झाली मंग? खोट्यानं आणलेली?" त्याचंबी चूक नाही. त्याची याडी मले वाईट वागली नाही.

पण मी ठरवलं आहे. १५ तारखेले सेवालाल महाराजांची जयंती आहे. सगळा तांडा जमते. देवीलाल नायक अजून आहे, चौऱ्यांशी वर्षाचा. त्याच्यासमोर सांगतो. तू मना करशीन तरी सांगतो, अन् मना कराले तुले फोन करावा लागन.

बसंती


१६ फेब्रुवारी, रविवार

पुष्पा,

तू फोन केला नाही. सांगतलं मी.

काल निखाऱ्यावर तुपाचा भोग लागला, आरती झाली, लापशी वाढाले बसले अन् मी उठली. सोनीबाईनं माहा पदर ओढला, "बस वं माय, सणाच्या दिवशी काय लावलं!" मी पदर सोडवला. मले भाषण देता येत नाही. म्हटलं, मानीबाईच्या नसाबमध्ये मी खोटं बोलली होती. बागेत दार नव्हतं. मी तिच्याजवळच उभी होती, अकरा दिवस. फोटो आहे, ज्याले पाहाचा त्यानं जाऊन पाहा.

लेकरं तेवढे लापशी खात होते. लालसिंग ताट सरकवून उठून गेला.

देवीलाल नायक खाटेवर बसलता. त्यानं मले जवळ बोलावलं. मले वाटलं, ऐकू गेलं नसन. म्हणून त्याच्या कानाजवळ जाऊन पुन्हा सांगतलं, दार नव्हतं म्हणून.

तो म्हणे, "मालूम आहे."

म्हटलं, "आता मालूम झालं ना?"

"तव्हाच मालूम होतं. मी त्या बागेत गाडीनं शेणखत टाकत होतो. मांडव मोकळा होता."

पुष्पा, मी म्हटलं, "मंग मले कायले विचारलं?"

त्यानं काठी बाजूले ठेवली. मंग म्हणे, "मोठ्या माणसानं नसाबमध्ये सांगतलं असतं तं त्याले महाराजांची किरिया, शपथ, घ्यावी लागली असती. खोटी किरिया कोण घेते? कोणी तयार होईना. लेकराले आपण किरिया घालत नाही. तुह्या बाले दुसरी कराची होती. त्याले दार पाहिजे होतं. तू देलं."

मी म्हटलं, "अन् तू नायक होता."

"हो," म्हणे. "होतो."

मले वाटलं त्याचा गळा धरावा. खाटेवर मूठभर माणूस. काय धरता! म्हटलं, आता मी मोठी आहे, मले किरिया घाल. त्यानं महाराजांच्या झेंड्याखाली नेऊन मले किरिया घातली, अन् मी सगळ्याईच्या देखत पुन्हा पहिल्यापासून सांगतलं. तो म्हणे, "नसाबनं ऐकलं." बस. एवढंच. एवढ्यासाठी चव्वेचाळीस वर्षं.

भोगाचे निखारे अजून होते. मी म्हटलं, दिवाळीची वाट पाहणार नाही. पण तूप बाच्या घरचं पाहिजे, अन् तिथी मी कोणत्या तोंडानं जाऊ? उभीच राह्यली. लय वेळानं लालसिंगची बायको आली. डोक्यावरून पदर घेतलेला, तोंड दुसरीकडं. तुपाची वाटी माह्या हातात देली अन् निघून गेली. तिले कोणी पाठवलं का तिच्या मनानं आली, मी विचारलं नाही. मी तूप टाकलं अन् नाव घेतलं. मानीबाई. तांड्यात मोठ्यानं घेतलं. दोन-चार बुढ्यांनी माह्यामागं म्हटलं. बाकीचे लापशीकडं पाहत राह्यले.

तू म्हणशीन, देवीलालनं कबूल केलं म्हणजे बसंती सुटली. नाही. त्याईनं विचारलं ते त्याईचं पाप. पितळेची कडी माही होती.

पाणी पडल्याचा आवाज आजबी येऊन राह्यला. आता मी नळ पाहाले उठत नाही. दारबी दिसते. नव्हतं हे मालूम असून दिसते.

आता तुह्याकडचं काम राह्यलं. मामाच्या तांड्यावर याडी नवऱ्यानं काढलेली बाई म्हणून बारा वर्षं जगली अन् त्याच नावानं सरणावर जळाली. तिथी हे कळलं पाहिजे. तू बोलावलं तं मी येतो. तुह्या घरी येत नाही, एसटीतून उतरून सरळ तिथल्या नायकाच्या अंगणात जातो, सांगतो अन् परत जातो. तुले माह्याशी बोलाची गरज नाही. नाही बोलावलं तं हा कागद चार माणसाईत वाचून दाखव. तुले वाचवत नसन तं पोराले वाचाले सांग. खालचं मोठ्यानं वाचाले सांग.

मी सेवालाल महाराजांची किरिया घेऊन लिहितो. माही याडी मानीबाई बागेत कामाले उभी होती. मी अकराही दिवस तिच्याजवळ होती. मांडव चारी बाजूनं मोकळा होता. तिनं काही वाईट केलं नाही. मी आठ वर्षाची असतांना खोटं बोलली, अन् मोठी झाल्यावर चूप राह्यली, ते त्याच्याहून वाईट. आज मले कोणी मांडीवर घेतलं नाही, कोणी विचारलं नाही. मी आपल्या मनानं सांगून राह्यली.

लिहून देणार,
बसंती, मानीबाईची मोठी पोरगी